अल्पवित्त रसिकाचा हाय-फाय

'हाय-फाय' हा शब्द आता आपल्या घरांत इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारावा असे कोणास वाटत नाही. मूळ इंग्रजी शब्दांचा अर्थ पाहू गेल्यास तो 'उच्च प्रतीची निष्ठा' असा निघतो. बाजारात मात्र त्याचा अर्थ 'मोठा आवाज' असा लावतात, आणि धनिकांच्या दिवाणखान्यात 'मोठी किंमत' असा. या दोन अर्थांच्या कात्रीत सापडलेला एक श्रोता आमच्या डोळ्यांसमोर आहे. त्याला गाणे कळते. लहानपणी देवळाच्या सभामंडपात खांबाला टेकून त्याने कीर्तने ऐकलेली आहेत, उत्सवातील नाटकांची पदे त्याला मुखोद्गत आहेत, आणि घरी निवांतपणे चांगले गाणे ऐकावे एवढीच त्याची इच्छा आहे. पैसा मात्र बेताचा. अशा श्रोत्याने घरासाठी यंत्रसामग्री जुळवावी तरी कशी? हा प्रश्न वरवर खरेदीचा दिसतो. वस्तुतः तो अभिरुचीचा आहे. पैसा थोडा असला की काहीतरी सोडावेच लागते, आणि काय सोडावे हे ठरविताना आपण गाण्यात काय ऐकतो याचा निवाडा आपोआप होऊन जातो. म्हणून या विषयाची चर्चा समीक्षेच्या पानांवर करण्यात आम्हांस काही गैर वाटत नाही.

प्रथम आमच्या हातून घडलेली चूक सांगतो. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, त्यांच्यापाशी लाकडी पेटीचा एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला. तेव्हापासून शनिवारची रात्र अण्णा त्या रेडिओपाशी घालवीत. पुढे रेडिओ कुरकुरू लागला, अण्णांचे वयही झाले, आणि आम्ही हौसेने शहरातील एका दुकानातून एक नवा संच आणला. पाच लहान डबे, त्यांत जमिनीवर ठेवायचा सहावा मोठा डबा, आणि खोक्यावर वॅटांचा चार आकडी आकडा. दुकानदाराने चित्रपटातील स्फोटाचा आवाज ऐकविला तेव्हा दुकानाची काच थरथरली, आणि आम्ही भारावून पैसे मोजले. घरी आणून त्यावर नाट्यपदांची ध्वनिमुद्रणे लावली. अण्णा डोळे मिटून बसले होते. दुसऱ्या पदाला त्यांनी डोळे उघडले आणि विचारले, "देवळावरचा कर्णा घरात आणलास की काय?" आम्ही आवाज कमी केला. तरीही त्यांचे समाधान झाले नाही. तिसऱ्या पदाला ते म्हणाले, "तंबोरा कुठे गेला रे?"

तंबोरा खरोखरच गेला होता. ऐकू येत होते ते दोनच पदार्थ: खालून एकसारखा उमटणारा 'धुम्' आणि वरून टोचणारी 'स'काराची सळसळ. या दोहोंच्या मध्ये, म्हणजे जेथे मनुष्याचा कंठ असतो, तंबोऱ्याची जवारी असते, ऑर्गन आणि सारंगी असते, तेथे पोकळी होती. आम्हांस तेव्हा वाईट वाटले ते पैशांचे. अण्णांच्या प्रश्नात एक संपूर्ण समीक्षा होती, हे आम्हांस फार उशिरा कळले.

ती समीक्षा नीट समजण्यास दोन जुने प्रयोग उपयोगी पडतात. १९४५ साली अमेरिकेत चिन आणि आयझेनबर्ग या संशोधकांनी श्रोत्यांपुढे निरनिराळ्या स्वरव्याप्तीचे आवाज ठेवले आणि त्यांची आवड विचारली. निष्कर्ष चमत्कारिक निघाला. बहुतेक श्रोत्यांना पूर्ण व्याप्तीचा आवाज नको होता. वरचे सूक्ष्म नाद कापून काढलेला, आखूड व्याप्तीचा आवाजच त्यांना बरा वाटला. यावरून सामान्य माणसाला चांगला आवाज आवडतच नाही, असे अनुमान काढण्यास काहींना फावले. तथापि दोन वर्षांनी, १९४७ साली, हॅरी ओल्सन या ध्वनिशास्त्रज्ञाने तोच प्रश्न निराळ्या रीतीने विचारला. त्याने यंत्रे बाजूस सारली. एका खोलीत प्रत्यक्ष वादक बसविले आणि श्रोते व वादक यांच्यामध्ये, कापडी पडद्याआड, उघडता-मिटता येणाऱ्या अशा ध्वनिगाळण्या बसविल्या की त्या मिटल्या असता दर सेकंदास ५००० कंपनांच्या वरचे नाद अडून राहत. गाळणी केव्हा उघडी आहे आणि केव्हा मिटलेली, हे श्रोत्यांना दिसत नव्हते. या वेळी बहुसंख्य श्रोत्यांनी उघड्या गाळणीचा, म्हणजे पूर्ण व्याप्तीचा आवाज पसंत केला.

माणसे तशीच, कानही तसेच. मग निकाल उलटा का लागला? ओल्सनच्या प्रयोगात आवाज खरा होता, आधीच्या प्रयोगात तो यंत्रातून आला होता, आणि त्या काळची यंत्रे मूळ नादांत आपल्या पदरचे काही मिसळीत असत. हे मिसळलेले, मुळात नसलेले नाद वरच्या पट्टीत विशेष टोचतात. म्हणून यंत्राची व्याप्ती वाढविली की त्याचा खोटेपणाही अधिक ऐकू येतो, आणि श्रोता कंटाळून म्हणतो, कमी ऐकवा पण हे नको. लोकांना सूक्ष्म नाद नकोसे नव्हते. त्यांना भेसळ नकोशी होती. अण्णांचा रेडिओ मध्यम लहरींवरून जे ऐकवी त्याची व्याप्ती अगदी तोकडी होती. पण त्याची भेसळ सौम्य होती, आणि जे होते ते मधल्या पट्टीत, गाण्याच्या घरात होते. आमच्या नव्या संचाने दोन्ही टोके वाढविली आणि घर मोडले.

याच्या जोडीला कानाचा एक धर्म लक्षात घेतला म्हणजे विषय पुरता उलगडतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून दर सेकंदास सुमारे ३०० ते ३४०० कंपनांचेच नाद जात असत. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर शंभर-सव्वाशे कंपनांच्या आसपास असतो, म्हणजे तो त्या तारेतून मुळीच जात नसे. तरीही पलीकडे वडील बोलत आहेत की आई, याविषयी कोणाचा कधी घोटाळा झाला नाही. याचे कारण असे की मूळ स्वर गळाला तरी त्याच्या पटीत येणारे वरचे उपस्वर शिल्लक असतात, आणि त्यांच्यावरून कान मूळ स्वर मनातल्या मनात उभा करतो. तंबोऱ्याच्या खर्जाचेही तसेच आहे. पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सत्तर कंपनांच्या आसपास लागते. लहान स्पीकरला तो स्वर धड उच्चारता येत नाही. पण जवारीतून उठणारे उपस्वर त्याने प्रामाणिकपणे सांगितले तर खर्ज ऐकू येतोच. मात्र याची उलट बाजू संभवत नाही. यंत्राने पदरचे घातलेले नाद कानाला वेगळे काढून टाकता येत नाहीत. गाळलेले कान भरून काढतो; घातलेले तो काढू शकत नाही. अल्पवित्त रसिकाला आमच्या मते एवढा एकच नियम पुरे आहे. थोडे सांगणारा संच चालेल, खोटे सांगणारा चालणार नाही.

हा नियम आम्ही गरिबीच्या समाधानासाठी बनविलेला नाही. हाय-फायचा इतिहासच त्याची साक्ष देतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत, १९४७ साली, डी. टी. एन. विल्यमसन याने 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात एका ॲम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली. पंधरा वॅटांचा हा ॲम्प्लिफायर मूळ नादात एक-दशांश टक्क्याहूनही कमी भेसळ करी. त्याची रचना सर्वांस खुली होती, आणि देशोदेशींच्या हौशी लोकांनी घरी डाग देण्याची कांडी तापवून तो बनविला. १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये व्हार्फडेलच्या गिल्बर्ट ब्रिग्ज याने प्रत्यक्ष वादन आणि यंत्रातील वादन एकापाठोपाठ ऐकविण्याचा जाहीर कार्यक्रम केला. त्याच साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर याने बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल आणि स्वच्छ खर्ज काढून दाखविला; तोपर्यंत तशा खर्जासाठी कपाटाएवढी पेटी लागे. या तिघांच्या उद्योगात एक समान सूत्र आहे. कमी साधनांत अधिक सत्य कसे सांगता येईल, याचाच तिघांस ध्यास होता. हाय-फाय हे मुळात बेताच्या पैशांतील कारागिरीचे अपत्य आहे. किमतीचा डौल त्याला मागाहून चिकटला.

आता प्रत्यक्ष जुळणीकडे वळू. जो काही पैसा हाती असेल तो रुपया मानून त्याचे जुन्या हिशेबाने सोळा आणे करावेत. त्यांतील नऊ आणे दोन स्पीकरांवर, चार आणे ॲम्प्लिफायरवर, दोन आणे गाणे पुरविणाऱ्या यंत्रावर आणि उरलेला एक आणा वायर व बैठकीच्या व्यवस्थेवर खर्चावा. हे प्रमाण शास्त्रवचन नव्हे. पण त्याच्या मागचे तत्त्व पक्के आहे. आजच्या साध्या ॲम्प्लिफायरची आणि डिजिटल यंत्राची भेसळ बहुधा कानाला जाणवण्याच्या खालीच राहते. विजेचे रूपांतर हवेच्या कंपनांत करणाऱ्या स्पीकरचे काम मात्र आजही अवघड आहे आणि साखळीतील सर्वांत मोठी खोट तेथेच असते. म्हणून पैसा तेथे घालावा.

स्पीकर दोनच असावेत. पाच डब्यांत वाटलेला पैसा दोन डब्यांत घातला तर प्रत्येक डबा अडीचपट चांगला मिळू शकतो, हे साधे अंकगणित दुकानात विसरले जाते. पाच-साडेपाच इंची शंकू आणि एक लहान ट्वीटर असलेली, जड व ठोकली असता 'ठक्' असा कोरडा आवाज करणारी पेटी पाहावी. पोकळ घुमणारी पेटी गाण्यातही घुमते. जुने स्पीकर स्वस्तात मिळतात आणि अनेकदा नव्यांहून सरस असतात, पण एक सावधगिरी अवश्य ठेवावी. शंकूच्या भोवतीची लवचिक कड रबराची आहे की फोमची, हे बोटाने हलके दाबून पाहावे. आमच्या किनाऱ्यावरील दमट हवेत फोमची कड काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळून पडते. रबराची पुष्कळ टिकते. शंकू दोन्ही बाजूंनी सारखा दाब देऊन हळूच आत लोटावा; आत खरखर लागली तर तो स्पीकर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. हाताशी चांगला सुतारमेस्त असेल तर सुटे भाग आणून अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायची पेटी करून घेण्याचा मार्गही आहे. मात्र पेटीचे माप स्पीकर बनविणाऱ्याने सांगितलेलेच घ्यावे. कपाटाच्या रिकाम्या कप्प्याला बसेल असे माप घेणे म्हणजे वीणेचा भोपळा कोनाड्याच्या मापाने कापण्यासारखे आहे.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत बाजाराची सर्वांत मोठी दिशाभूल वॅटांची आहे. खोक्यावर 'पीएमपीओ' या अक्षरांपुढे छापलेला चार आकडी आकडा वाचण्याच्या योग्यतेचा नसतो. अखंड देता येणारे वॅट, ज्यास 'आरएमएस' म्हणतात, तेवढेच विचारावेत. येथे थोडे गणित सांगणे प्राप्त आहे. मध्यम प्रतीचा घरगुती स्पीकर एका वॅटात, एक मीटर अंतरावर, सुमारे ८७ डेसिबल आवाज देतो. मध्यम आकाराच्या खोलीत आपण गाणे ऐकतो ते बहुतेक वेळ एका वॅटाच्या आतबाहेर. समेवरच्या थापेला आणि तारसप्तकातील पुकारेला क्षणभर दहा-वीस वॅट लागतील. वॅट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि तो कानाला दुप्पट वाटावा यासाठी वॅट दसपट करावे लागतात. तात्पर्य, पंचवीस वॅट आणि पन्नास वॅट यांतील फरक किमतीत जेवढा दिसतो तेवढा कानाला वाटत नाही. दोन वाहिन्यांचा, वीस-पंचवीस खऱ्या वॅटांचा साधा ॲम्प्लिफायर आपल्या श्रोत्याला पुरेसा आहे.

गाणे पुरविणारे यंत्र आज बहुतेकांच्या खिशातच असते. त्याला तळहातावर मावेल असा एक लहान 'डॅक' जोडला की भागते. १९८२ साली आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने दर सेकंदास ४४,१०० नमुन्यांचे जे परिमाण घालून दिले ते मनुष्याच्या कानास पुरून उरते. अधिक मोठ्या आकड्यांसाठी पैसे मोजणे अल्पवित्तास परवडणारे नाही आणि आवश्यकही नाही. तबकड्यांचा संग्रह नसेल तर केवळ हौसेखातर फिरती तबकडी घेऊ नये. तिच्या किमतीत स्पीकरची प्रत वाढते. मात्र घरात वडिलार्जित ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी सुई वेगळी लागते, हे अनेकांस ठाऊक नसते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या खाचेस लागणारी सुई एल. पी. च्या सुईहून सुमारे तिप्पट रुंद असते. एल. पी. ची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन घाण आणि खरखर तेवढी उकरते, आणि श्रोता दोष बिचाऱ्या तबकडीला देतो.

वायरविषयी दोनच वाक्ये पुरेत. घरातील दिव्यांच्या जोडणीस वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चार-पाच मीटर अंतरास सर्वथा योग्य आहे. दोन्ही स्पीकरांना तांबडे टोक तांबड्याला आणि काळे काळ्याला जोडले आहे ना, एवढे मात्र दोनदा पाहावे. एका बाजूस उलटापालट झाली की खर्ज नाहीसा होतो आणि गायक दोन स्पीकरांच्या मध्ये बसण्याऐवजी खोलीभर विखुरतो.

यानंतरची गोष्ट फुकट मिळते आणि म्हणूनच उपेक्षित राहते. ती म्हणजे खोली. देवळात उत्सवाचे कीर्तन ऐकणाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. कीर्तनकारासमोर बसणाऱ्याला शब्द न् शब्द कळतो, मागील भिंतीशी बसणाऱ्याला नुसता गजर ऐकू येतो, आणि खांबाआड बसणाऱ्याला तिसरेच काही. घरातही तसेच घडते. आमच्याकडील घरांत जमीन गुळगुळीत, भिंती कडक, सामान मोजके. टाळी वाजविली तर खोलीत ती फडफडत राहते. तेथे जमिनीवर सतरंजी अथवा गादी, खिडकीला जाड पडदा आणि एका भिंतीस पुस्तकांची मांडणी एवढ्याने जो फरक पडतो तो कित्येकदा यंत्र बदलूनही पडत नाही. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नयेत. कोपरा खर्जाला फुगवितो, आणि हा फुगवटा म्हणजे वर सांगितलेल्या भेसळीचाच एक प्रकार होय. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणून, दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण होईल अशी बैठक करावी. ट्वीटर कानाच्या उंचीवर असावा. खुर्चीवर बसणाऱ्यासाठी काढलेले विलायती स्टँड जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यास उंच होतात, आणि महागही असतात. आम्ही दोन-दोन चिरे एकावर एक ठेवून वर जाड कापडाची घडी घातली. चिरा जड असतो, थरथरत नाही, आणि गोव्यात तरी कोणाच्याही अंगणात मिळतो.

संच जुळला, तो खरे बोलतो की खोटे, हे कसे ओळखावे? दुकानदार स्फोट आणि पाऊस ऐकवितात, पण मूळ स्फोट कसा होता हे आपणास माहीत नसते, त्यामुळे त्याच्याशी ताडून पाहता येत नाही. आपण ज्याचा मूळ आवाज जाणतो अशाच गोष्टी कसोटीस लावाव्यात. पहिली कसोटी तंबोरा. तो गायकाच्या मागे अखंड भरून राहिला पाहिजे. चार तारा वेगळ्या छेडल्या जातात हे कळले पाहिजे, आणि गायकाने जोर केला तरी तो बुडता कामा नये. दुसरी कसोटी बायाँ. कुशल तबलजी मनगटाने घासून बायाँचा स्वर चढवितो, उतरवितो. खर्ज फुगविलेल्या डब्यात ही मींड नाहीशी होते, कारण तो डबा प्रत्येक थापेला आपला एकच ठरलेला 'धुम्' उच्चारतो. बोल कोणताही असो, उत्तर एकच. आमच्या घरातील सहाव्या डब्याचा गुन्हा नेमका हाच होता. तिसरी कसोटी शब्दांची. नाट्यपद असो वा अभंग, जोडाक्षरे फुटून स्पष्ट यावीत, पण 'स' आणि 'श' कानाला टोचू नयेत. या तीन कसोट्यांस उतरलेला संच दिसण्यास कसाही असो, त्यास आम्ही हाय-फाय म्हणू.

याच संदर्भात गोव्याला अभिमानास्पद अशा एका तबकडीचे स्मरण होते. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडच्या प्रवासास धाडली आणि प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी ठेवली. तीत फोंडे तालुक्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. ती निवडावी अशी सूचना रॉबर्ट ब्राउन या संगीतशास्त्रज्ञाची. केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरात निवर्तल्या. या तबकडीबरोबर एक कार्ट्रिज आणि सुई ठेवली आहे, आणि मिनिटास १६⅔ फेऱ्यांनी ती कशी वाजवावी याची आकृती वर कोरली आहे. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर पाठविलेले नाहीत. जो कोणी तबकडी उचलील त्याने ते आपले आपण जुळवावे, अशी अपेक्षा आहे. तेव्हा त्या दूरच्या अज्ञात श्रोत्याची आणि आमच्या अल्पवित्त श्रोत्याची अवस्था फारशी भिन्न नाही. दोघांच्या हाती गाणे आहे. ते न बिघडविता खोलीत आणणे ही दोघांचीही जबाबदारी. साडेतीन मिनिटांच्या त्या मुद्रणात आजच्या मानाने व्याप्ती तोकडी आहे. तथापि दमसासाची ती अखंड धार, तो भरीव आकार, एका स्वरातून दुसऱ्यात न तुटता जाणे, हे सर्व त्या तोकड्या व्याप्तीतही शाबूत आहे. सच्चा लहान संच ते सारे ऐकवितो. खर्ज फुगविणारा मोठा संच तेच आधी बुडवितो.

येथे एक सूक्ष्म प्रश्न उरतो. निष्ठा कोणाशी? यंत्राची निष्ठा मुद्रणाशीच असू शकते, मैफलीशी नव्हे. आणि मुद्रण करणाऱ्याने आपली निवड आधीच केलेली असते. तबल्याच्या वितीवर ध्वनिग्राहक ठेवून केलेल्या अलीकडच्या मुद्रणांत बायाँ असा गरजतो की मैफलीत पहिल्या रांगेतही तो तसा ऐकू येत नाही. भजनांच्या मुद्रणांत तर गुहेत बसल्यासारखा कृत्रिम प्रतिध्वनी घालण्याची रूढीच पडली आहे. सच्चा संच या खोट्या गोष्टीही खऱ्याप्रमाणे सांगतो आणि काही आवडती मुद्रणे त्यावर उघडी पडतात. यास कोणी संचाचा दोष मानू नये. आरसा स्वच्छ केल्यावर चेहऱ्यावरील डाग दिसू लागले तर आरसा पुन्हा मळविण्यात शहाणपण नाही.

आमच्यावर एक आक्षेप येईल, की आम्ही उणिवेलाच गुण ठरवीत आहोत. तो आम्हांस मान्य नाही. पैशाने काही गोष्टी निश्चित मिळतात, आणि त्या लहान संचात नाहीत हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. पालखीच्या वेळच्या सुवारीत घुमटाची थाप छातीवर येऊन आदळते, ती पाच इंची शंकूतून यावयाची नाही. पखवाजाचे गांभीर्य त्यात निम्मेच उतरते. मोठ्या वाद्यवृंदाचा कल्लोळ त्याला पेलत नाही. ज्याचे मुख्य प्रेम या गोष्टींवर आहे त्याने मोठी पेटी घ्यावी, आणि त्यासाठी दोन वर्षे थांबावे. पण थांबण्याऐवजी स्वस्त डब्यात खर्जाचे सोंग विकत घेऊ नये. उणीव ही सांगून केलेली कपात आहे. सोंग ही न सांगता केलेली भेसळ आहे. दुधात कमी माप देणारा गवळी आणि पाणी घालणारा गवळी यांत फरक करणे आपणास चांगले कळते. आवाजाच्या बाबतीत तोच विवेक सुटतो, इतकेच.

दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. वायरींवर सोन्याच्या भावाने पैसे उधळणारे आणि त्यामुळे तंबोऱ्याचा खर्ज उजळला असे शपथेवर सांगणारे रसिक आम्हांस भेटलेले आहेत. कोणती वायर जोडली आहे हे त्यांस न सांगता ओळखावयास लावले की ही शपथ टिकत नाही. त्यांच्या श्रद्धेचा आम्ही उपहास करीत नाही. पण त्यांचे पाहून एखाद्या शिक्षकाने किंवा पुजाऱ्याने, आपल्याला हे परवडणार नाही, तेव्हा चांगले ऐकणे आपल्या नशिबी नाही, असे मानून गप्प बसावे, हे नुकसान आम्हांस मोठे वाटते. गाणे कळणारे कान आमच्या समाजात बहुधा बेताच्या मिळकतीच्या घरांतच वाढलेले आहेत. त्यांना एका बाजूने 'धुम्' आणि दुसऱ्या बाजूने न परवडणारी किंमत अशा कोंडीत धरले, तर पुढच्या पिढीच्या कानाला तंबोरा ओळखूही येणार नाही. जे आपण कधी ऐकलेच नाही ते हरवल्याची खंत कोणास वाटणार?

कानालाही वय असते. वय वाढते तसे प्रथम वरचे सूक्ष्म नाद मावळतात, आणि पुढे गर्दीत बोललेले शब्द पुसट होतात. त्यामुळे घरात वडीलधारे श्रोते असतील तर हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. आम्ही सहावा डबा काढून टाकला, दोन जुने स्पीकर मिळविले, त्यांच्याखाली चिरे रचले आणि सतरंजी अंथरली. पण या साऱ्याला आम्हांस चार वर्षे लागली. तेवढ्या अवकाशात अण्णा गेले. त्यांच्या शेवटच्या दिवसांत ते आपला जुना रेडिओच उशाशी ठेवून घेत, आणि त्याची कुरकुर त्यांना नव्या संचापेक्षा बरी वाटे. आता तंबोरा ऐकू येतो. ज्यांनी तो कुठे गेला असे विचारले होते त्यांना उत्तर देण्यास आम्हांस उशीर झाला, आणि तो उशीर पैशाच्या अभावी झाला असे आम्हांस म्हणता येत नाही. पैसा तेव्हाही तेवढाच होता. तो कोठे घालावा हे कळत नव्हते.